राजस्थानची मार्गदर्शिका निवडताना

कोल्हापूरच्या शिरोली नाक्यावरून पुण्याकडे जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ म्हणून ओळखला जातो. हाच क्रमांक धरून पुढे जात राहिल्यास मुंबई, सुरत, अहमदाबाद मागे टाकून आपण उदयपूर, चितोडगड आणि जयपूरमार्गे दिल्लीस पोहोचतो. म्हणजे करवीर आणि मेवाड ही दोन्ही स्थळे आज कागदावर तरी एकाच रस्त्यावर आहेत. देशातील महामार्गांना २०१० मध्ये नवे क्रमांक देण्यात आले. त्यापूर्वी आपल्याकडील रस्ता ४ क्रमांकाचा होता आणि राजस्थानातून मुंबईकडे येणारा रस्ता ८ क्रमांकाचा. राजस्थानवरील एखादी प्रवास-मार्गदर्शिका दुकानात हाती घेतली आणि तिच्या नकाशात उदयपूरजवळ ८ हा आकडा दिसला, तर ती माहिती किमान पंधरा वर्षांची शिळी आहे, हे किंमत पाहण्याआधीच कळते.

दरवर्षी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी परिसरातील अनेक कुटुंबे राजस्थानला जातात. काही यात्रा-कंपन्यांबरोबर, काही मिरजेहून अजमेर किंवा जोधपूरची गाडी पकडून, तर काही स्वतःचे वाहन घेऊन. जाण्यापूर्वी एखादे मार्गदर्शक पुस्तक घ्यावे असे बहुतेकांना वाटते आणि मग ते जे पहिले मिळेल ते घेतात. सह्याद्रीतल्या किल्ल्यावर चुकीच्या पुस्तकामुळे फार तर वाट चुकते, चार तासांनी माणूस एखाद्या वाडीत उतरतो. मे महिन्यातील थरच्या वाळवंटात चार तास ही फार मोठी मुदत असते. १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. ती भारतातील त्या वेळची विक्रमी नोंद होती. आपल्याकडे पाऱ्याने चाळिशी गाठली तरी ती बातमी होते.

पुस्तक कोणासाठी लिहिले आहे?

मार्गदर्शिकेची निवड करताना पहिला प्रश्न ती कोणी लिहिली हा नसून ती कोणासाठी लिहिली हा असावा. हिंदुस्थानविषयीच्या इंग्रजी प्रवास-मार्गदर्शिकांची परंपरा जुनी आहे. लंडनच्या जॉन मरे यांनी एडवर्ड ईस्टविक यांच्याकडून लिहवून घेतलेले मद्रास आणि मुंबई इलाख्यांचे हॅण्डबुक १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा वाचक हा नोकरीवर रुजू होणारा किंवा रजेवर फिरणारा इंग्रज अधिकारी होता. डाकबंगला कोठे आहे, नोकर किती न्यावेत, कोणती औषधे बरोबर ठेवावीत, हे त्याला सांगणे आवश्यक होते. १९८१ मध्ये 'लोनली प्लॅनेट'ची भारतावरील पहिली आवृत्ती निघाली, तिचा वाचक पाठीवर पिशवी घेऊन महिनोन्महिने हिंडणारा पाश्चात्त्य तरुण होता. दोन्ही पुस्तके आपापल्या वाचकाशी प्रामाणिक होती. ती आपल्यासाठी नव्हती, इतकेच.

परदेशी प्रवासी राजस्थानात प्रामुख्याने ऑक्टोबर ते मार्च या काळात येतो. त्यामुळे त्याच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात उन्हाळा एका वाक्यात संपतो : एप्रिल ते जून टाळावे. ज्याला टाळणे शक्य आहे त्याला एवढे पुरेसे आहे. पण ज्यांच्या मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात आणि शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्या कोल्हापूरच्या गृहस्थाला मे महिनाच मिळतो. त्याला हवी असते ती निराळी माहिती. कोणते किल्ले सकाळी किती वाजता उघडतात, दुपारी बारा ते पाच कोठे सावलीत बसता येईल, वृद्ध माणसाला चढ किती आहे, रात्रीच्या गाडीने कोणता टप्पा ओलांडता येईल, आणि जैसलमेर-बाडमेर वगळून अबू, उदयपूर, कुंभलगड एवढेच पाहिले तर सहल अपुरी ठरेल काय? (मुळीच ठरणार नाही.) एखाद्या पुस्तकात याची उत्तरे आहेत की नाहीत, हे दुकानात उभ्या-उभ्या दहा मिनिटांत पाहता येते. 'हवामान' हे प्रकरण उघडावे. तेथे केवळ महिन्यांचा तक्ता असेल तर पुस्तक पुन्हा फळीवर ठेवण्यास हरकत नाही.

राजस्थान म्हणजे वाळवंट, असे सरसकट लिहिणारे पुस्तकही संशयास्पद समजावे. अरवली पर्वताची रांग या राज्याला नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे तिरकी छेदत जाते. तिच्या पश्चिमेचा सुमारे साठ टक्के भाग वाळवंटी वा निमवाळवंटी आहे. पूर्वेला आणि दक्षिणेला नद्या, तलाव, जंगले आहेत. जैसलमेरला वर्षाकाठी वीस सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर अबूच्या पहाडावर त्याच्या कितीतरी पट. आपल्याच जिल्ह्यात शिरोळचा पाऊस आणि गगनबावड्याचा पाऊस यांत केवढे अंतर आहे, हे आठवले की ही गोष्ट समजायला सोपी जाते.

अंतर आणि पाणी

राजस्थानचे क्षेत्रफळ ३ लाख ४२ हजार २३९ चौरस किलोमीटर आहे. मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळे झाल्यानंतर, म्हणजे २००० पासून, ते देशातील सर्वांत मोठे राज्य आहे. जयपूर ते जैसलमेर हे अंतर साधारण ५६० किलोमीटर भरते. बिकानेर ते जैसलमेर ३३० किलोमीटरच्या घरात आहे. जयपूर, बिकानेर, जैसलमेर, जोधपूर, उदयपूर ही पाच नावे एका रंगीत पानावर शेजारी-शेजारी छापलेली असतात आणि आठ दिवसांत सारे 'होते' असा समज करून दिला जातो. प्रत्यक्षात त्या आठ दिवसांतील निम्मा दिवसाचा उजेड मोटारीच्या काचेतून पाहण्यात जातो. चांगले पुस्तक अंतर किलोमीटरमध्ये देते, त्याशेजारी वेळ देते, आणि वाटेत थांबण्याची ठिकाणे देते. तिसऱ्या गोष्टीला माझ्या लेखी सर्वाधिक महत्त्व आहे. त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सहकुटुंब बिकानेरहून जैसलमेरकडे निघालो होतो. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई होती. हाती एक नावाजलेली मार्गदर्शिका होती. तिचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. वाटेतील एका उपाहारगृहाचा तीत आवर्जून उल्लेख होता, त्यामुळे पाण्याच्या चारच बाटल्या घेतल्या. कोल्हापूरच्या माणसाला पाणी बरोबर न्यायची सवय नसते. पंचगंगेच्या काठच्या लोकांना पाणी ही कोठेही मिळणारी वस्तू वाटते. दुपारी एकच्या सुमारास तेथे पोहोचलो, तर दाराला गंजलेले कुलूप होते. ते बंद पडून काही वर्षे झाली असावीत. आईला भोवळ येऊ लागली होती. आमच्या चालकाने गाडीच्या पुढे लटकवलेली कॅनव्हासची छागल काढली. ओल्या कापडातून झिरपणाऱ्या पाण्यामुळे आतले पाणी गार राहते. त्याने आईचे डोके भिजवले आणि रस्त्याकडेच्या ढाणीकडे, म्हणजे चार-सहा घरांच्या वस्तीकडे, गाडी वळवली. तेथील एका बाईंनी टांक्याचे झाकण उघडून कळशीभर पाणी दिले. पैसे घेतले नाहीत.

टांका म्हणजे काय, हे त्या पुस्तकात कोठेही नव्हते. राजवाड्यांच्या आरसेमहालांवर मात्र पाने खर्ची पडली होती. अंगणात किंवा शेतात गोल, उतरती, चुन्याने घोटलेली जमीन तयार करून तिच्यावर पडलेले पावसाचे पाणी मध्यभागी बांधलेल्या झाकणबंद टाक्यात साठवायचे, हा टांका. आपल्या किल्ल्यांवरील खडकात खोदलेले टाके आणि हा टांका हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. जैसलमेर, बाडमेर, बिकानेरच्या काही भागांत जमिनीखाली जिप्समचा किंवा तत्सम थर असतो. तो पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. त्या थरापर्यंत अरुंद विहीर खोदून वाळूतला ओलावा थेंबाथेंबाने जमा करतात, तिला कुंई म्हणतात. पालीवाल ब्राह्मणांनी जैसलमेर परिसरात रूढ केलेली 'खडीन' ही बांध घालून पाणी अडवण्याची आणि त्याच ओलीवर रब्बीचे पीक घेण्याची पद्धत आहे. जैसलमेरजवळचे कुलधरा हे ओसाड गाव याच पालीवालांचे. पुष्कळ पुस्तके तेथील शापाची आणि भुताखेतांची कथा रंगवून सांगतात, पण खडीनबद्दल एक अक्षर लिहीत नाहीत. या विषयासाठी अनुपम मिश्र यांचे 'राजस्थान की रजत बूंदें' हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेले हिंदी पुस्तक अवश्य वाचावे. ती मार्गदर्शिका नव्हे, तीत एकाही हॉटेलचे नाव नाही. तरीही वाळवंटात काय पाहायचे हे तिच्यामुळे अधिक कळते. राधानगरीचे धरण बांधणाऱ्या शाहू महाराजांच्या गावातील वाचकाला ते आवडेल असे वाटते.

याच जिप्समच्या थराची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि कवास परिसरातील गावे पाण्याखाली गेली. शंभराहून अधिक माणसे दगावली. पाणी जमिनीत मुरेना आणि वाहून जायला वाट नव्हती. परिणामी ते दीर्घकाळ साचून राहिले. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला पुराची ओळख नव्याने करून द्यायला नको. परंतु वाळवंटात पावसाळ्यात जाताना नाले आणि सखल रस्ते यांविषयी सावध राहावे, असे सांगणारे पुस्तक मला अद्याप भेटलेले नाही.

पाण्याच्याच संदर्भात जैसलमेरच्या किल्ल्याचा उल्लेख करावा लागेल. ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी वसवलेल्या या किल्ल्यात आजही लोक राहतात. नळाचे पाणी आले, पर्यटक वाढले, किल्ल्यातील घरांची हॉटेले झाली आणि सांडपाणी पायात मुरू लागले. काही बुरूज आणि भिंती ढासळल्या. १९९० च्या दशकात वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने धोक्यातील वास्तूंच्या यादीत त्याचा समावेश केला. काही इंग्रजी मार्गदर्शिकांनी पुढे किल्ल्यातील निवासाची शिफारस न करण्याचे धोरण स्वीकारले. किल्ला दिवसा पाहावा, मुक्काम खाली गावात करावा, असे स्पष्टपणे सांगणारे पुस्तक हाती आले तर त्याच्या लेखकाने केवळ जाहिराती गोळा केलेल्या नाहीत, एवढा भरवसा ठेवता येतो.

आवृत्ती की पुनर्मुद्रण?

पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर छापलेले वर्ष फसवे असू शकते. नव्या वर्षाचे पुनर्मुद्रण असते, मजकूर मात्र जुनाच असतो. महामार्गांचे क्रमांक ही एक खूण झाली. दुसरी खूण जिल्ह्यांची. राजस्थानात बराच काळ ३३ जिल्हे होते. २०२३ मध्ये ते ५० करण्यात आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांपैकी ९ रद्द होऊन ४१ उरले. फलोदी आणि बालोतरा हे नवे जिल्हे टिकले. हिवाळ्यात हजारो कुरजा पक्षी, म्हणजे आपले कर्कोचे, जेथे उतरतात ते खीचन गाव पूर्वी जोधपूर जिल्ह्यात होते, ते आता फलोदी जिल्ह्यात आहे. ३३ जिल्ह्यांचे पुस्तक जुने, ५० जिल्ह्यांचे पुस्तक घाईत काढलेले.

तिसरी खूण रेल्वेची, आणि ती आपल्या दृष्टीने सर्वांत उपयोगी आहे. अहमदाबाद ते उदयपूर हा लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. त्याचे रुंदीकरण पूर्ण होऊन ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी गाडी सुरू झाली. कोल्हापूरहून रेल्वेने अहमदाबादला जाऊन पुढे उदयपूर गाठण्याचा मार्ग त्यामुळे सोयीचा झाला. मात्र ही उदयपूरची गाडी अहमदाबादच्या मुख्य स्थानकावरून न सुटता असारवा स्थानकावरून सुटली होती. दोन स्थानके भिन्न आहेत, सामान घेऊन रिक्षाने जावे लागते. गाड्यांची स्थानके, वार आणि वेळा बदलत असतात, त्या रेल्वेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात. पुस्तकाने एवढेच सांगावे की स्थानके दोन आहेत. हे न कळल्यामुळे पुढची गाडी चुकते, आणि सुटीच्या दिवसांत पुढचे आरक्षण मिळत नाही.

सीमाभागाविषयीची माहिती मात्र कोणत्याही छापील पुस्तकावरून ठरवू नये. जैसलमेरहून सुमारे १२० किलोमीटरवरील तनोट मातेचे मंदिर आणि १९७१ च्या युद्धातील लोंगेवाला ही ठिकाणे आपल्याकडील लोकांना विशेष प्रिय आहेत. तेथवर भारतीयांना जाता येते, पण त्यापलीकडे सीमेकडे जाण्यासाठी परवानगी लागते आणि नियम परिस्थितीनुसार बदलतात. मे २०२५ मध्ये सीमेवरील तणावाच्या दिवसांत जैसलमेर आणि बाडमेरमध्ये रात्री दिवे मालवण्यात आले होते. निघण्याच्या आधल्या दिवशी जैसलमेरच्या पर्यटक स्वागत केंद्रात चौकशी करणे हाच मार्ग. त्या भागात भ्रमणध्वनीला सर्वत्र संपर्क मिळेल असे गृहीत धरू नये. म्हणूनच छापील नकाशाची आवश्यकता अद्याप संपलेली नाही.

तिथी, नावे आणि जेवण

मराठीत राजस्थानवर प्रवासवर्णने आहेत, यात्रा-कंपन्यांच्या पुस्तिका आहेत. परंतु आपला वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या मार्गदर्शिका थोड्याच. त्यांपैकी काही हिंदी पुस्तकांवरून घाईने उतरवलेल्या असतात. त्यांत एक दोष हमखास आढळतो. राजस्थानात पूर्णिमान्त महिना चालतो, आपल्याकडे अमान्त. शुक्ल पक्षात फरक पडत नाही. पुष्करची जत्रा कार्तिकी पौर्णिमेची ती तेथेही कार्तिकीच. पण कृष्ण पक्षात महिन्याचे नाव बदलते. जयपूरजवळ चाकसू येथे शीतलामातेची मोठी जत्रा चैत्र कृष्ण अष्टमीला भरते, असे हिंदी पुस्तकात असते. ती आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य अष्टमी होय. भाषांतरकाराने 'चैत्र वद्य अष्टमी' असे लिहिले आणि वाचकाने कालनिर्णय पाहून आरक्षण केले, तर तो जत्रा संपल्यानंतर एक महिन्याने पोहोचेल. मराठी मार्गदर्शिका तपासायची असेल तर जत्रांचे पान उघडून कृष्ण पक्षातील एखादी तिथी पाहावी.

नावांचेही तसेच. तेथील 'खेजडी' म्हणजे आपल्या दसऱ्याची शमी. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावी ही झाडे वाचवताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले, तीच ही शमी. केर-सांगरीच्या भाजीतील सांगरी म्हणजे शमीच्याच शेंगा. 'गोडावण' हा राजस्थानचा राज्यपक्षी म्हणजे आपला माळढोक, ज्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले. जैसलमेरच्या मरु राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्या मराठी माणसाला हे नाते कळले तर तो पक्षी दिसला नाही तरी फेरी फुकट गेली असे त्याला वाटणार नाही.

कोल्हापूर-सांगलीकडील जैन वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. माउंट अबूची देलवाडा मंदिरे आणि राणकपूरचे मंदिर पर्यटकांसाठी दुपारी बारानंतर उघडतात, असे इंग्रजी पुस्तकांत असते. ते पर्यटकांपुरते खरे आहे. सकाळची वेळ पूजेसाठी राखलेली असते आणि दर्शनार्थी जैनांसाठी ती अधिक सोयीची. ही मंदिरे श्वेतांबर परंपरेची आहेत. आपल्याकडील बहुसंख्य जैन समाज दिगंबर असल्याने त्यांना श्री महावीरजी, पद्मपुरा ही क्षेत्रेही पाहायची असतात. त्यांची माहिती बहुतेक मार्गदर्शिकांत दोन-तीन ओळींपलीकडे नसते. धर्मशाळा आणि भोजनशाळा यांची यादी देणारे पुस्तक असेल तर त्याचा कागद कसाही असला तरी ते घ्यावे. जेवणाविषयी इतरांनी एवढेच ध्यानात ठेवावे की लाल मांस तिखट असले तरी तो तांबडा रस्सा नव्हे, आणि मार्गदर्शिकेतील 'अतिशय तिखट' हा शेरा परदेशी जिभेचा असतो.

इतिहास कोणाचा?

राजस्थानच्या मार्गदर्शिकांतील इतिहासाचा बराचसा भाग कर्नल जेम्स टॉड यांच्या १८२९ व १८३२ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर पोसलेला आहे. टॉड हे मेवाडमध्ये इंग्रजांचे प्रतिनिधी होते आणि राजपुतांविषयी त्यांना मनस्वी आस्था होती. त्या चित्रात मराठे केवळ लुटारू म्हणून येतात. हे चित्र पुढे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जसेच्या तसे उतरत गेले. १७५५ मध्ये नागौरजवळच्या छावणीत जयाप्पा शिंदे यांचा खून झाला, १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे महादजींच्या फौजांनी मोठ्या लढाया जिंकल्या, अजमेर १८१८ पर्यंत शिंद्यांकडे होते, या गोष्टी त्यांत शोधूनही सापडत नाहीत. याच्या उलट टोकाला जाणारी काही मराठी पुस्तके आहेत. मराठ्यांनी वसूल केलेल्या खंडण्यांनी तेथील संस्थाने आणि रयत जेरीस आली होती, हे ती सोयीस्करपणे विसरतात. दोन्ही बाजू सांगणारा एखादा परिच्छेद जरी आढळला तरी ते पुस्तक विश्वासार्ह समजावे.

याहून सोपी परीक्षा चितोडची. अल्लाउद्दीन खिलजीने १३०३ मध्ये चितोड घेतले, ही इतिहासातील घटना. राणी पद्मिनीची कथा ज्या काव्यातून प्रसिद्ध झाली ते मलिक मुहम्मद जायसी यांचे 'पद्मावत' १५४० च्या सुमाराचे, म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरचे. ज्या पुस्तकात वेढा आणि आरशातील प्रतिबिंब ही दोन्ही एकाच सुरात सांगितलेली आहेत, त्याच्या लेखकाने बाकीचीही माहिती वाटाड्यांच्या तोंडून ऐकून लिहिली असण्याचा संभव आहे.

शेवटी एक उपाय सुचवावासा वाटतो. राजस्थानची मार्गदर्शिका काढणाऱ्या प्रकाशकाचे भारतावरील किंवा महाराष्ट्रावरील पुस्तकही बहुधा असते. ते मिळवून त्यातील कोल्हापूरचे पान वाचावे. अंबाबाईच्या मंदिराविषयी काय लिहिले आहे, पन्हाळा किती दूर दाखवला आहे, २०२५ मध्ये पन्हाळ्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याची नोंद आहे काय, रंकाळ्याकाठची संध्याकाळ लेखकाने स्वतः पाहिलेली दिसते काय? आपल्या गावाविषयी ज्याने चुका केल्या आहेत, तो जैसलमेरविषयी अचूक असेल असे मानण्यास आधार नाही. जुन्या आवृत्त्या ताडून पाहायच्या असतील तर १८५० पासून चालू असलेले करवीर नगर वाचन मंदिर किंवा शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की मधल्या वर्षांत किती मजकूर बदलला आणि किती तसाच राहिला, हे लगेच दिसते. जाड, इतिहासाची पुस्तके घरीच वाचून ठेवावीत. पिशवीत एकच पातळ, ताजे पुस्तक आणि घडीचा नकाशा असावा. यात्रा-कंपनीबरोबर जाणाऱ्यांना हॉटेलांची यादी निरुपयोगी आहे, त्यांनी तिचे पैसे देऊ नयेत.

आणि आपल्याकडे एक सोय अशी आहे जी इतर शहरांतील लोकांना सहज मिळत नाही. इचलकरंजीचे कापड प्रक्रियेसाठी पाली, बालोतरा, जोधपूरकडे जाते आणि त्या व्यवहारातील मंडळी वर्षातून अनेकदा तिकडे ये-जा करतात. कोल्हापुरातही मूळच्या राजस्थानी व्यापाऱ्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या आहेत. निवडलेले पुस्तक घेऊन एखाद्या संध्याकाळी त्यांच्यापैकी कोणाच्या पेढीवर बसावे, आखलेला मार्ग पेन्सिलीने दाखवावा आणि ते सांगतील त्या दुरुस्त्या समासात लिहून घ्याव्यात. मार्गाकडे पाहण्यापूर्वी त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : कोणत्या महिन्यात निघालात?